पाटीवरचं कुत्रं आणि दारातलं कुत्रं

पणजीत अलीकडे कॅफेंच्या दारावर एक पाटी वरचेवर दिसू लागली आहे. पंजाचा ठसा आणि त्याखाली दोन शब्द, ‘पेट फ्रेंडली’. फोंताईन्हासमधल्या ज्या जुन्या घरांत पूर्वी आपल्या ओळखीतल्या कुणाची तरी मावशी राहायची, तिथे आता कॉफी मिळते आणि कॉफी पिणाऱ्याच्या पायाशी त्याच्या कुत्र्यालाही जागा मिळते. रविवारी सकाळी व्हॉट्सअॅपवर ठरवून दहा-पंधरा कुत्री आपापल्या आई-बाबांना घेऊन जमतात. (हो, आई-बाबाच म्हणायचं. ‘मालक’ म्हटलं तर भुवया वर जातात.) वाढदिवस होतात, केक कापले जातात, गळ्यात बो बांधून फोटो निघतात.

मी या प्रकाराची टिंगल करायला बसलेली नाही. ती करणारे आमच्या पिढीत पुष्कळ आहेत. ‘इथे माणसांना खायला नाही आणि कुत्र्यांना केक’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता बोलणाऱ्याने ‘इथे’ म्हटलं की पुढचं मीच पुरं करते. कुत्र्याच्या केकचे वाचवलेले पैसे कुणी उपाशी माणसाला नेऊन दिल्याचं मात्र अजून माझ्या पाहण्यात नाही. उलट मला वाटतं, कुत्र्याला बरोबर घेऊन बाहेर पडणं ही आजच्या शहरात गरजेचीच गोष्ट आहे. पूर्वी कुत्र्याला अंगण होतं, परसू होतं, वाड्यावरची भांडणं होती. दिवसभर त्याला कामं असायची: पदेराच्या सायकलीमागे धावायचं, नारळ पाडायला आलेल्या पाडेल्यावर भुंकायचं, दुपारी माडाच्या सावलीत पडायचं, संध्याकाळी शेजारच्या कुत्र्याशी हद्दीचा वाद घालायचा. आता तेच कुत्रं ताळगाव-पर्वरीकडच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दहा दहा तास दाराकडे बघत बसतं. त्याला चार वास, चार माणसं, चार कुत्री भेटवणं ही चैन कसली? ते त्याचं देणंच लागतो आपण.

माझी तक्रार वेगळी आहे. या पाटीने निमंत्रण नेमकं कुणाला दिलंय, ते मला अजून कळलेलं नाही.

आमच्या घरी शेवंती आहे. सात वर्षांची, पिवळसर तांबूस, एक कान उभा, एक पडलेला. गावठी. बाजाराच्या मागे पावसात सापडली. टोचणी वेळच्या वेळी, ऑपरेशन झालेलं, कार्ड पिशवीत. गेल्या हिवाळ्यात भाचीच्या आग्रहावरून आम्ही तिघी अशाच एका पाटीवाल्या ठिकाणी गेलो. नाव सांगत नाही, ते एकच ठिकाण काही तसं नसावं. दारातल्या मुलाने शेवंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अदबीने विचारलं, ‘‘मॅडम, ब्रीड कौनसा है?’’ मी म्हटलं, ‘‘गावठी.’’ तो आत जाऊन आला. निरोप असा, की आज गर्दी आहे, इंडी डॉगला बाहेरच्या बाकाजवळ बांधलं तर बरं, आतल्या गेस्टना त्रास होऊ शकतो. आत एक सायबेरियन हस्की होता, दोन शित्झू, एक लॅब्रॅडोर. हस्की भुंकत होता, लॅब्रॅडोरने कुणाचं तरी सँडविच खाल्लं होतं. शेवंती उभी होती, नुसती.

भाची भांडायला निघाली होती. मी तिला आवरलं आणि आम्ही परतलो. भांडून मिळालेल्या खुर्चीवर मला कॉफी जात नाही. तो मुलगा वाईट नव्हता, त्याला जे शिकवलंय ते तो बोलत होता. पण त्याच्या त्या एका प्रश्नात सगळं आलं. पाटी कुत्र्यांसाठी नव्हतीच. ती गिऱ्हाइकासाठी होती, आणि कुत्रं हे त्या गिऱ्हाइकाच्या ऐपतीचं ओळखपत्र होतं.

कुत्रा आणि स्वर्गाचं दार म्हटलं की आपल्याला लगेच युधिष्ठिर आठवतो. इंद्र रथ घेऊन आला आहे, कुत्र्याला प्रवेश नाही म्हणतोय, आणि हा म्हणतोय की मग मीही येत नाही. कीर्तनात, प्रवचनात, शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट आपण ऐकलेली असते. पण महाभारताच्या सुरुवातीलाही एक कुत्रं आहे, त्याची आठवण कुणी काढत नाही. आदिपर्वात जनमेजय आपल्या भावांसह कुरुक्षेत्रावर मोठं सत्र करतोय. तिथे सरमेचा मुलगा येतो. सरमा म्हणजे देवांची कुत्री. जनमेजयाचे भाऊ त्याला बदडून काढतात. तो रडत आईकडे जातो. आईचा पहिला प्रश्न अगदी आईचाच: तू काहीतरी केलं असशील! तो सांगतो, मी काही केलं नाही, हविर्द्रव्याकडे पाहिलं नाही, चाटलं तर नाहीच. मग सरमा स्वतः यज्ञमंडपात जाते आणि विचारते, माझ्या मुलाला का मारलंत? भाऊ उत्तर देत नाहीत. तेव्हा ती शाप देते की निरपराध्याला मारलंत, तर तुमच्यावर न दिसणारं भय येईल. पुढे जनमेजय बिचारा त्या शापाची शांती करील असा पुरोहित शोधत हिंडतो.

मला ही गोष्ट युधिष्ठिराच्या गोष्टीपेक्षा जास्त जवळची वाटते. युधिष्ठिराचं कुत्रं शेवटी धर्मराज निघतं, म्हणजे तेही तसं खानदानीच! सरमेचं पोर मात्र कुत्रंच राहतं. मोठ्या लोकांच्या समारंभात चुकून शिरलेलं, काही न करता मार खाल्लेलं. त्याच्या आईच्या प्रश्नाला भर मंडपात कुणाकडेच उत्तर नव्हतं.

आपल्या देवळांतही हेच. सांखळीच्या दत्तमंदिरात जा किंवा घरातली दत्ताची तसबीर पाहा. पायाशी चार कुत्री, चार वेदांची रूपं म्हणून आपण हात जोडतो. पाचवं जर खरोखरचं दारात आलं तर हातात काठी! खंडोबाचं तेच, भैरवाचं तेच. तसबिरीतल्या कुत्र्याला आपण नेहमीच ‘फ्रेंडली’ होतो. कॅफेवाल्यांनी निराळं काही केलेलं नाही, फक्त तसबीर बदलली.

पूर्वी सगळं छान होतं असं मी म्हणणार नाही. दगड मारणारी पोरं होती, विष घालणारे शेजारी होते. पण एक गोष्ट खरी की गोव्यातल्या चारचौघांत बसण्याच्या जागी कुत्रं असायचंच, आणि ते कुणाचं हे विचारायची पद्धत नव्हती. पेडण्याकडे आजोळी काल्याच्या रात्री दशावतार रंगला की पुढच्या चटईवर पोरं आणि पोरांच्या पलीकडे दोन-तीन कुत्री पेंगत पडलेली. राक्षसाच्या एंट्रीला पोरं किंचाळायची, कुत्री एक डोळा उघडून पुन्हा मिटायची. तावेर्नात बाकाखाली एक असायचंच. मारिओ मिरांदांची चित्रं काढून बघा. लग्न असो, बाजार असो, बार असो, गर्दीच्या कुठल्यातरी कोपऱ्यात एक कुत्रं आपल्या उद्योगात असतं. ते त्यांनी गंमत म्हणून काढलं असेल, पण ते खोटं नाही. आमचं गाव तसंच दिसायचं.

असो. विषय पाटीचा चालला होता.

समजा, शेवंतीला आत घेतलं असतं. तिला तिथे बरं वाटलं असतं का? हा प्रश्न मी नंतर बराच वेळ घोळवला, आणि ‘हो’ असं छातीठोक उत्तर मला देता येत नाही. मे महिन्यात दुपारी दोन वाजता कुत्र्याला घेऊन जेवायला निघालेली माणसं मी बघते. डांबरी रस्त्यावर आपण चपला घालून चालतो, ते अनवाणी असतं. हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद रस्त्यावर टेकवून बघा. आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसत नाही. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांना, आणि तोही नावापुरता. अंग गार ठेवायला त्याच्याकडे खरा उपाय एकच, धापा टाकणं. जिभेवरची ओल वाफ होऊन गेली की शरीर निवतं. पण आपल्याकडच्या दमट हवेत ती वाफच नीट होत नाही. त्यातून पगसारखी चपट्या नाकाची कुत्री म्हणजे धापेचा रस्ताही अरुंद. 2003 साली ‘हच’ची ती जाहिरात आली, मुलाच्या मागे मागे जाणारा पग सगळ्यांना आवडला आणि घरोघरी पग आले. त्यांच्या घोरण्याचं आपण कौतुक केलं. ते श्वासासाठी धडपडत होते, हे आपल्याला फार उशिरा कळलं. आता हस्कीची पाळी आहे. बर्फात गाड्या ओढण्यासाठी घडवलेली ती केसाळ जात, आणि आपण तिला कांपालच्या रस्त्यावर फिरवतो.

आवाजाचंही तसंच. माणसाचा कान साधारण 20 हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, कुत्र्याचा सुमारे 45 हजारांपर्यंत. आपल्याला जे ‘म्युझिक जरा मोठं आहे’ वाटतं, ते त्याला काय वाटत असेल? कार्निव्हलच्या चित्ररथांत, शिगम्याच्या मिरवणुकीत, नरकासुराच्या रात्री डीजेसमोर कुत्र्याला कडेवर घेऊन उभे असलेले लोक मी पाहिलेत. ते कुत्रं वारंवार जांभई देत असतं, नाक चाटत असतं, मान फिरवून डोळ्याचा पांढरा भाग दाखवत असतं, शेपूट पोटाखाली. ही सगळी त्याची ‘मला घरी न्या’ म्हणायची भाषा. आपण काय म्हणतो? ‘‘कित्ती गोड, झोप आलीय त्याला!’’ आणि तोंड उघडं ठेवून जीभ बाहेर आलेला जो फोटो ‘माझं बाळ हसतंय’ म्हणून फिरतो, त्यात पुष्कळदा ते हसत नसतं, त्याला उकडत असतं.

म्हणजे निमंत्रणाचा दुसरा घोळ हा. दारातल्या कुत्र्याला आत यायचं असतं, त्याला बोलावणं नाही. आतल्याला बाहेर जायचं असतं, त्याला कुणी विचारत नाही. दोघांच्याही वतीने माणूसच उत्तर देऊन मोकळा.

हे सगळ्यात उघडं दिसतं ते किनाऱ्यावर. ऑक्टोबरनंतर शॅक उभे राहिले की प्रत्येक शॅकला आपोआप दोन-तीन कुत्री चिकटतात. पर्यटक त्यांना नावं ठेवतात, म्हणजे नावं देतात, रेक्स, कोको, शांती असली काहीतरी. त्यांना मासळी मिळते, चिकन मिळतं, आराम खुर्चीखालची सावली मिळते. फोटो जर्मनीपर्यंत जातात. मे संपता संपता शॅक उतरवले जातात, बांबू आणि माडाची चुडतं ट्रकात चढतात आणि कुत्री तिथेच राहतात. भर पावसात, रिकाम्या किनाऱ्यावर, ज्या जागी आठ महिने आपलं घर होतं तिथल्या वाळूत बसलेली. प्राणिप्रेमी मंडळी पावसाळ्यात डबे घेऊन जातात म्हणून त्यांतली काही तगतात. चार महिने बंद राहणारी मैत्री ती कसली मैत्री?

आता एक गोष्ट जरा ठासून सांगते, कारण ती पाटी लावणाऱ्यांना आणि केक कापणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसते. आज तुम्ही पणजीत कुत्र्याला घेऊन निर्धास्त चहा पीत बसता, ते याच दारातल्या कुत्र्यांच्या जिवावर. ‘मिशन रेबीज’ आणि गोवा सरकार यांनी मिळून गेल्या दशकात गल्लोगल्ली फिरून कुत्र्यांना लस टोचली. खांद्यावर मोठमोठी जाळी घेतलेली ती मुलं तुम्ही कधीतरी पाहिली असतील. जाळ्यात धरायचं, टोचायचं, रंगाची खूण करायची, मोबाईलमधल्या अॅपवर नोंद करायची आणि सोडून द्यायचं. दर दहांतल्या सात कुत्र्यांना तरी लस मिळाली पाहिजे असं त्याचं गणित. 2022 साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये या कामावर निबंध आला, त्यात कुत्र्यांमधल्या रेबीजचं मासिक प्रमाण 92 टक्क्यांनी उतरल्याचं दाखवलं आहे. घराघरांतल्या पाळीव कुत्र्यांना टोचून एवढं झालं नसतं. रस्त्यावरचं कुत्रं सुरक्षित झालं म्हणून शहर सुरक्षित झालं. लस टोचलेलं, आपली हद्द राखून बसलेलं गल्लीतलं कुत्रं उचलून नेलं की ती जागा काही रिकामी राहत नाही. तिथे नवं येतं, बहुधा न टोचलेलं.

कुत्र्यांची भीती वाटणाऱ्यांना मी हसणार नाही. माझ्या वहिनीला लहानपणी मांडीचा लचका तोडून झालेला आहे. ती आजही रस्त्याच्या पलीकडून जाते, आणि तिला ‘‘काही करत नाही हो तो’’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. सुटं, टोळीने धावणारं कुत्रं दुचाकीवाल्याला पाडतं, शाळेतल्या पोराला चावतं, हे आहेच. 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्लीतली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं, मग अकरा दिवसांत तो आदेश बदलून नसबंदी-लसीकरणानंतर होती तिथेच सोडा म्हटलं (रेबीज झालेली आणि आक्रमक सोडून), आणि नोव्हेंबरात शाळा, इस्पितळं, बसस्थानकं यांच्या आवारातून हटवायला सांगितलं. मोठमोठ्या न्यायाधीशांचीही ओढाताण होते असा हा प्रश्न आहे, तो एका कॅफेने सोडवावा असं माझं म्हणणं नाही. एवढंच म्हणते की जो धंदा कुत्र्याच्या नावावर गिऱ्हाईक मिळवतो, त्याने कुत्र्याचं थोडं तरी देणं द्यावं.

ते देणं काही अवघड नाही. दारात पाण्याचं भांडं ठेवायचं, आणि ते आतल्याइतकंच बाहेरच्यासाठी. आपल्या गल्लीतल्या पाच-सात कुत्र्यांची नसबंदी-लस दरवर्षी बघायची. एका वाढदिवसाच्या पार्टीत जेवढा खर्च होतो त्यात ते सहज बसेल. आणि दारात ‘ब्रीड कौनसा है’ याऐवजी ‘लसीचं कार्ड आहे का’ एवढं विचारायचं. तो प्रश्न विचारायला हवाच. न टोचलेलं पिल्लू पंधरा कुत्र्यांत नेऊन सोडणं म्हणजे पार्व्होला आवतण, मग त्याचा वंश कितीही उंची असो. कुणाला कुत्री नको असतील तर त्याच्यासाठी वेगळा कोपराही ठेवा. वहिनीलाही कधी कॉफी प्यावीशी वाटते.

आणि आपण जे नेतो त्यांच्यासाठी एकच: कुत्र्याला वेळ ठरवू द्या. सकाळी सातला मिरामारच्या वाळूवर किंवा संध्याकाळी ऊन उतरल्यावर रायबंदरच्या पुलाकडे. तिथे ते वास घेत रमलं तर तासभर थांबा. दहा मिनिटांत परत फिरलं तर आपणही फिरा. आपल्या मैत्रिणी अजून बोलत असल्या तरी.

शेवंतीला मी हल्ली सातच्या सुमाराला सांतिनेजच्या वाटेवरच्या रस-ऑम्लेटच्या गाड्यावर नेते. तिथे पाटी नाही. चार बाकं, एक बल्ब, वाफाळलेलं शाकुतीचं पातेलं, आणि गाड्याखाली आधीपासून ठाण मांडून बसलेला एक म्हातारा काळा कुत्रा, ज्याने पहिल्या दिवशी शेवंतीला नुसतं हुंगलं आणि सरकून जागा दिली. गाडेवाला मला विचारतो, ‘‘बाय, सुण्याक कितें दिवूं?’’ रस नको म्हणून मी त्याला सांगून ठेवलंय, कांदा कुत्र्यांना बाधतो. तेव्हापासून तो संध्याकाळी निघतानाच दोन अंडी जास्तीची उकडून आणतो, एक शेवंतीला आणि एक त्या काळ्याला. पैसे तो एकाचेच घेतो.